शिमग्यापासून पाडव्यापर्यंत गावी, सोबत पावणेदोन वर्षांचा चिकू: दिवस कसा लावावा?

सुरंगी (५ मार्च २०२६, रात्री)

नमस्कार मंडळी. मी सध्या गुहागर तालुक्यात सासरी आहे. माहेर सोलापूरकडचं आणि राहणं पुण्यात, त्यामुळे कोकणातला शिमगा मला लग्नानंतर कळला, तोही येऊन-जाऊन. यंदा नवऱ्याला घरून काम करायची परवानगी मिळाली. मग होळीच्या आधीच यायचं आणि १९ मार्चचा पाडवा करूनच परतायचं असं ठरलं. चिकूला पावणेदोन वर्षं झाली आहेत. चालता-पळता झाल्यावर गावचं घर तो पहिल्यांदाच बघतोय.

तो इथे इतका खूश आहे की ते लिहिल्याशिवाय मला पुढचं विचारताच येणार नाही. सकाळी डोळे उघडले की पहिला शब्द "भूर". अंथरुणातून उठून थेट पडवीत. पडवीच्या पायऱ्या पोट टेकून उलटा उतरतो आणि शेवटच्या पायरीवर मागे वळून कुणी बघतंय का ते पाहतो. बघितलं की टाळ्या. शिमग्यासाठी अंगण नुकतंच सारवलंय, त्यावर अनवाणी फिरायला त्याला फार आवडतं. आई तुळशीला पाणी घालतात तेव्हा लोटी त्यालाच धरायची असते. निम्मं पाणी तुळशीला, निम्मं स्वतःच्या पायांवर. मग गोठा. तिथे वासराच्या समोर उकिडवा बसून त्याच्याशी बराच वेळ काहीतरी बोलतो. आम्हाला त्यातला "हंबा" तेवढा कळतो.

घरामागच्या कलमांना यंदा मोहोर चांगला धरला आणि आता सुपारीएवढ्या कैऱ्या रोज गळून पडतात. त्या वेचायच्या आणि आप्पांच्या चपलेत भरायच्या हे त्याचं ठरलेलं काम. आप्पाही बाहेर जाताना चप्पल उलटी करून कैऱ्या ओट्यावर काढून ठेवतात, म्हणजे आल्यावर त्याला पुन्हा भरता येतात. बांधावरच्या सावरीला पान नाही, नुसती लाल फुलं. ती जाड पाकळ्यांची फुलं धपकन पडतात. पडलं की हा खदखदून हसतो आणि वर बघत पुढच्याची वाट पाहत उभा राहतो. दहाच्या सुमारास तांबट पक्षी टुक-टुक-टुक सुरू करतो, तेव्हा चिकू त्या ठेक्यावर मान हलवतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

होळी आणायला वाडीतले सगळे गेले होते. आंब्याचं अख्खं झाड खांद्यावर घेऊन "हुरा रे हुरा" करत आले. तेव्हापासून घरात "हुला ले" चालू आहे. तोंडावर पंजा मारून बोंब ठोकायलाही शिकलाय. जेवताना, न्हाणीत, आजीच्या मांडीवर, कुठेही सुरू होतो आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्यामागून बोंब ठोकावी अशी त्याची अपेक्षा असते. आप्पा ठोकतात.

आता माझे प्रश्न.

पहिला झोपेचा. पुण्यात जेवण झालं की १ ते ३ गाढ झोपायचा. इथे दुपारी मागच्या दारी ओले काजू सोलायला बायका बसतात, बोलणं चालू असतं, आणि याला ते ऐकू आलं की उठून तिकडे जायचं असतं. मग संध्याकाळी ६ ला हातात घास घेऊन पेंगतो आणि पहाटे ४ ला "भूर" म्हणत उठतो. बाहेर मिट्ट काळोख.

दुसरा पालखीचा. १० तारखेला देवीची पालखी आमच्याकडे येणार आहे. वाडीतले म्हणतात, ढोल-ताशे अगदी दारात वाजतात, पालखी नाचवतात, बरोबर संकासुराचं सोंग असतं. होमाच्या रात्री लांबून ढोल ऐकून चिकू नाचला होता, पण लांबून आणि दारात यात फरक आहे. संकासूर त्याने अजून पाहिलेला नाही. पहिलीच भेट भीतीची होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण ही देवी त्याच्या आज्या-पणज्यांची आहे.

तिसरा काजूचा. बिया अंगणातच वाळत घातल्या आहेत. चीक लागून कातडी जाते हे ऐकून आहे. नेमकं काय सांभाळायचं?

आणि ऊन. अकरानंतर चिरे तापतात. खायला सध्या मऊ पेज, तूप आणि मेतकूट आवडीने खातो. या दिवसांत आणखी काय देता येईल?

एक विनंती आहे. "घरातच ठेवा, मोबाईलवर गाणी लावून द्या" असं कृपया सुचवू नका. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय आणि मलाही ते पटतं. शिवाय हे अंगण सोडून त्याला आत बसवायला मी इथे आलेले नाही. त्याला सगळं बघू द्यायचंय, फक्त कुठे डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं ते मला कळायला हवं.

---

आजीची_पडवी

अगो सुरंगी, वाचताना तुझा चिकू अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला. मी संगमेश्वराकडची. मुलं याच खळ्यात वाढली, आता नातवंडं मे महिन्यात येतात. सगळ्यांत मोठं काम काजूचं, म्हणून ते आधी सांगते.

वाळलेली आख्खी बी नुसती हातात धरली तर सहसा काही होत नाही. पण या वयाचं पोर हातातलं तोंडात घालणार आणि दातांनी चावणार. टरफलातलं तेल ओठांना-जिभेला लागलं की फोड येतात आणि फार दुखतं. म्हणून वाळवण अंगणात नको. माळ्यावर, नाहीतर गच्ची असेल तर गच्चीवर घाला. जागाच नसेल तर भोवती खुराड्याची जाळी उभी करा, आम्ही तेच करायचो. ओले गर काढताना बी चिरली की चीक उडतो. सोलणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात ते उगीच नाही. तिथे त्याला मांडीवरसुद्धा घेऊन बसू नकोस. सोललेल्या टरफलांची टोपली लगेच उचलायला सांग. आणि बिया भाजायचा दिवस असेल तेव्हा तर त्याला घेऊन सरळ शेजारी जा. तेल पेटतं, उडतं, त्या धुरानेही डोळे नि कातडी चुरचुरते.

चीक लागलाच तर चोळायचं नाही. साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचं, मग खोबरेल. डोळ्यात किंवा तोंडात गेला तर घरगुती काही करत बसू नये, डॉक्टरकडे न्यावं. कैरीच्या देठाशीही चीक असतो, त्याने गालाला चट्टे उठतात. आप्पांच्या चपलेत जातात त्या कैऱ्या आधी पाण्याच्या बादलीत पडू देत. धुतलेल्या कैऱ्या भरायलाही त्याला तितकीच मजा येईल. (बादली मात्र तिथे भरून ठेवू नकोस, काम झालं की उपडी.)

बोंडू (काजूचं फळ) मागेल, कारण रंग सुंदर असतो. घसा धरतो त्याने. जिभेला लावण्यापुरता दे. जुना झबला घालून दे, कारण बोंडवाचा डाग निघत नाही.

आता झोप. चारला उठतो तर त्याची भूकही लवकर लागणार. अकराला जेवायला घाल, एकची वाट बघू नको. जेवणाआधी न्हाणीत कोमट पाण्याची दुसरी अंघोळ. मग माजघर. चिऱ्याच्या घरात माजघराएवढी गार जागा नाही, उजेडही कमी. जमिनीवर गोधडी टाक आणि दार लोटून घे. काजू सोलणं तेवढ्या वेळात पुढच्या पडवीत हलवायला सांग, बायका काही वाईट वाटून घेणार नाहीत, त्यांचीही पोरं अशीच वाढलीत. आणि मुख्य म्हणजे घरातलं एक मोठं माणूस त्याच्याशेजारी खरोखर आडवं झालं पाहिजे. तू बसून थोपटत राहिलीस तर त्याला कळतं की बाहेर काहीतरी चालू आहे आणि आई तिकडे जाणार आहे. आप्पांना सांग. त्यांनी डोळे मिटले की तोही मिटेल.

उठल्यावर पाच वाजेपर्यंत पडवीतच. झोपाळा आहे ना? सांज झाली की पुन्हा अंगण.

खायला पुष्कळ आहे. नाचणीची आंबील ताक घालून, गार करून. कुळथाचं पिठलं मऊ भातावर. फणसाची कुयरी आली असेल, ती शिजवून, ठेचून, ओलं खोबरं घालून, तिखट घालायच्या आधी त्याची वाटी बाजूला काढायची. ओल्या काजूची उसळ केलीत तर गर मऊ शिजवून बोटाने चिरडून दे, पहिल्यांदा अगदी एकच, आणि अंगावर काही उठतं का ते बघ. शहाळ्याचं पाणी आणि कोवळी मलई. कलिंगड बिया काढून. आख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे मात्र हातात पडू देऊ नकोस. शिमग्यात येणारा-जाणारा प्रेमाने मूठभर देतो आणि तेच घशात अडकतं.

---

ढोलकरी

वहिनी, मी आमच्या गावच्या खेळ्यांत, म्हणजे शिमग्यात सोंगं घेऊन फिरणाऱ्या मंडळींत, ढोल वाजवतो, खांद्यावर पालखीही घेतो. माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. तिच्या पहिल्या शिमग्याला हाच प्रश्न आमच्या घरात होता, म्हणून लिहितो.

ढोलाचा आवाज दारात फार मोठा असतो. आमचेच कान रात्री वाजतात. तेव्हा पहिली गोष्ट, वाजप अंगणात शिरतं तेव्हा चिकूला माजघरात ठेवा. सगळ्यात जोर त्याच वेळी असतो. पाच-दहा मिनिटांनी ठेका बसतो, त्याच्या कानालाही सवय होते, मग पडवीच्या आतल्या टोकाशी कडेवर घेऊन या. ढोलाच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा. कानावर घालायची लहान मुलांची जाड कानपट्टी मिळते, पुण्यातून कुणी येणार असेल तर मागवून घ्या. नसेल तर तुमचे तळहात आहेतच.

पालखी नाचवतात तेव्हा आमचं लक्ष देवीकडे आणि खांद्याकडे असतं, पायात कोण आलंय ते दिसत नाही. त्या वेळी मूल जमिनीवर नको. हे मी खांदा देणारा म्हणून सांगतोय. नाचवून झालं की पालखी ओटीवर बसते. तुमच्या घरच्या बायका ओटी भरतात, गाऱ्हाणं घातलं जातं, सगळं शांत होतं. त्याला पाया पडवायला न्यायची वेळ ती. गाऱ्हाण्यात घरातल्या प्रत्येकाचं भलं मागतात. त्याचं नाव तिथे घेतलं जाईल, ते त्याला ऐकू दे.

संकासुराचं सांगतो. काळा पोशाख, निमुळती उंच टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. मोठी मुलंसुद्धा खांबाआड जातात. आम्ही मुलीला आदल्या दिवशी खेळे उतरले होते त्या घरी नेलं. संकासूर होणारा आमचा दादा तेव्हा साध्या कपड्यांत चहा पीत होता. त्याने तिच्यासमोर आधी कमरेचे घुंगरू बांधले, ते तिला वाजवू दिले. मग पोशाख. टोपी-दाढी सगळ्यात शेवटी. दाढी लावताना मध्येच काढून तोंड दाखवलं, परत लावली. तिला तो खेळच वाटला. दुसऱ्या दिवशी अंगणात तो आला तेव्हा ती दाढीवर बोट दाखवत "काका" म्हणाली. तुमच्या वाडीत खेळे कुठे उतरतात ते आप्पांना विचारा. पोराला दाखवायचंय म्हटलं तर कुणी नाही म्हणणार नाही, उलट त्यांना आनंद होईल. गोमूचं काम करणारा पोरगाही असेल, त्याची साडी-बांगड्या बघूनही मुलं रमतात.

रात्री नमन (आपलं कोकणातलं लोकनाट्य) असेल तर त्याला आणू नका असं मी म्हणणार नाही. गण-गौळण होईपर्यंत बसवा. पेंगला की घरी.

---

पांढरी_साडी

मी रायगड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. वर सगळ्यांनी छान सांगितलंय. मला एक गोष्ट घालायची आहे, ती घाबरवायला नाही, तर तुम्ही निर्धास्त राहावं म्हणून.

मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आमच्याकडे विंचू चावलेले रुग्ण येतात. चिऱ्यांच्या फटी, लाकडांची रास, गोवऱ्या, वाळलेला पालापाचोळा ही त्यांची जागा. कोकणातला लाल विंचू मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला जास्त त्रास देतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात याच रुग्णांवर प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि त्यानंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. म्हणजे उपचार आहे, जवळ आहे, फक्त वेळेत पोचायला हवं.

लहान मूल "चावलं" असं सांगू शकत नाही. एकदम किंचाळून रडायला लागलं, अंगाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, तोंडातून लाळ असं दिसलं तर मंत्र-उतारा करत थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. तुमच्यापासून जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, तिथे रात्री डॉक्टर असतात का, आणि विंचवाचं औषध आहे का, हे उद्याच विचारून ठेवा. नंबर भिंतीवर लिहा.

रोजच्या सवयी सोप्या आहेत. गोधडी अंथरण्यापूर्वी झटकायची. अंथरूण भिंतीपासून हातभर लांब आणि वर मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या. खाली काढून ठेवलेले कपडे, चपला झटकून घालायच्या. (आप्पांनी चप्पल उलटी करायची सवय मुळीच सोडू नये!) सकाळी सारवलेल्या मोकळ्या अंगणात अनवाणी फिरू द्या, पण लाकडांच्या राशीजवळ आणि काळोखात पायात काहीतरी हवं.

आजींनी बादलीचं लिहिलंय त्याला माझा दुजोरा. या वयाचं मूल वीतभर पाण्यातही तोंडावर पडलं तर त्याला उठता येत नाही. विहिरीला कठडा असला तरी तिकडे जायच्या वाटेवर फळी आडवी लावा. गुरांची दगडी डोणी असेल तर तीही बघा.

उन्हात लघवी कमी झाली, पिवळी झाली, ओठ सुकले किंवा हसरं मूल एकदम मलूल झालं तर सावलीत घेऊन ओल्या फडक्याने पुसा आणि थोडं थोडं पाणी, ताक, पेजेचं पाणी देत राहा. तरीही मलूलच राहिलं तर दाखवा. अंगावरचं दूध अजून पीत असेल तर तेही चालू ठेवा.

---

शिरोड्याची_मावशी

गो बाय सुरंगी, नाव बघून थांबलंय. आमच्याकडे आता सुरंगेचे वळेसर इलेत, सगळो वाडो घमघमता. झिलाक खळ्यात खेळांदेत गो. मातयेत लोळलो तर काय्येक होवचा नाय. फक्त फुलांचो गजरो करताना सुयो खंय टाकू नको. आणि फुलां हुंगूक दी त्येका, तोंडात घालूक नको.

---

सुरंगी (११ मार्च)

काल पालखी येऊन गेली. घरातले सगळे अजून त्याच आनंदात आहेत, म्हणून आजच लिहिते.

झोपेचं जमलं. अकराला जेवण, मग माजघर, आणि आप्पा शेजारी. पहिल्या दुपारी आप्पाच आधी घोरायला लागले. चिकूने त्यांच्या पोटावर हात ठेवला, ते वर-खाली होतंय हे बघत राहिला आणि झोपला. आता तीच पद्धत पडली आहे. जेवण झालं की "आबा गाई" म्हणत तो स्वतःच त्यांचं बोट धरून आत नेतो. पहाटेचं उठणंही हळूहळू सहावर आलंय. काजू सोलणाऱ्या काकी आणि मावशी पुढच्या पडवीत बसतात. वाळवण माळ्यावर गेलं.

रंगपंचमीला चुलत सासऱ्यांनी चिपळूणकडून येताना पळसाची फुलं आणली. उकळून रात्रभर ठेवली, सकाळी घंगाळात केशरी पाणी. आम्ही त्याला बाजारचा रंग लावू दिला नाही. त्याला पिचकारी झेपत नाही, म्हणून तो पंजे बुडवून एकेकाच्या पाठीवर ठेवत फिरला. माझ्या जुन्या साडीवर, आईंच्या पदरावर आणि वासराच्या कपाळावर. वासराने कान फडफडवले तेव्हा असा हसला की त्याचा आवाज ऐकून समोरच्या घरातली माणसं दाराशी आली.

ढोलकरी भाऊजी, तुम्ही सांगितलं तसंच केलं. आदल्या दिवशी आप्पा आणि मी त्याला खेळ्यांच्या मुक्कामी घेऊन गेलो. संकासूर होणारे काका वयाने मोठे आहेत, त्यांनी याला मांडीवर घेतलं आणि घुंगरू त्याच्या हातात दिले. काल अंगणात ते पोशाखात आले तेव्हा चिकूने आधी माझ्या मानेत तोंड लपवलं. मग घुंगरांचा आवाज ऐकला आणि हळूच एक डोळा बाहेर. काकांनी लांबूनच कमरेला एक झटका दिला, छुन्न. याने माझ्या कडेवर बसल्या बसल्या कमर हलवली. त्यांनी पुन्हा, याने पुन्हा. शेवटी वाडीतली सगळी पोरं याच्याभोवती जमली.

पालखी ओटीवर बसली तेव्हा आईंनी ओटी भरली. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं आणि त्यात चिकूचं खरं नाव घेतलं. प्रत्येक मागण्याला सगळे "होय महाराजा" म्हणत होते. दोन-तीनदा ऐकल्यावर सगळे गप्प झाले की मधल्या शांततेत हा एकटाच "होय" म्हणायला लागला. मानकरी थांबले, हसले आणि पुढचं मागणं त्याच्याकडे बघून मागितलं. आईंच्या डोळ्यांत पाणी होतं. आईंचा एक नवस होता, तो कसला ते मला काल कळलं. माझ्या बाळंतपणात मी आजारी होते तेव्हा त्यांनी बोललेला होता, इतके दिवस एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

परिचारिकाताई, आरोग्य केंद्राचा नंबर पडवीच्या भिंतीवर खडूने लिहिलाय, रात्री डॉक्टर असतात हेही विचारून घेतलं. विहिरीच्या वाटेवर नवऱ्याने फळी लावली. मावशी, सुरंगीचा वळेसर इकडे मिळाला नाही, पण तुमच्यामुळे वास आला.

आता शेवटचं विचारते. पाडव्याला कडुनिंबाची चटणी घरात सगळ्यांना देतात, तर त्याला द्यायची का? आणि गाठी. आत्यांनी आत्ताच मोठी रंगीत गाठी आणून ठेवलीय, त्याच्या गळ्यात घालायला. साखर आम्ही त्याला अजून दिलेली नाही, पण आत्यांचं मनही मोडायचं नाही.

---

आजीची_पडवी

तो "होय" वाचून मी आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

कडुनिंबाचा कोवळा पाला आणि फुलं, गूळ, चिंच, ओवा, हिंग, मीठ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ, असं आम्ही वाटतो. त्याच्या जिभेला करंगळीच्या टोकाने लावण्यापुरतं दे, तेवढ्याने परंपरा पुरी होते. डाळ मात्र पार बारीक वाटलेली हवी, दाणा राहायला नको. तोंड वेडंवाकडं करील. लगेच वर केळ्याचा घास दे.

गुढी उभारताना त्याला काम दे. आंब्याची डहाळी आप्पांच्या हातात नेऊन द्यायची, एवढं त्याला जमेल. काठी उभी करताना कुणीतरी त्याला उचलून घ्या. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवाल तेव्हा पुन्हा बोलवा, तांब्या त्याला वाजवू दे.

आत्यांना सांग, गाठी घालायची म्हणजे घालायचीच. त्यांनी स्वतःच्या हाताने घालावी, ओवाळावं. साखर देत नाहीस हे आधीच प्रेमाने सांगून ठेव, म्हणजे त्या वेळी कुणी तुकडा मोडून तोंडात घालणार नाही. एखादवेळी चाटलं त्याने तर ओरडू नको. तो दोरा मात्र गळ्यात ठेवून खेळायला सोडायचं नाही. फोटो झाला की लगेच काढ आणि गुढीवर लटकव, त्याला दिसेल पण हात पोचणार नाही अशा उंचीवर.